धोट्यातला धागा आणि गिरणगावची एकजूट

आमच्या घरातल्या काचेच्या कपाटात, पितळी समईच्या शेजारी, एक लाकडी धोटा ठेवलेला आहे. वितीपेक्षा बराच लांब, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या, पोटात कांडी बसवण्यासाठी कोरलेली लांबट पोकळी, आणि एका अंगाला जेमतेम दाभण जाईल एवढे छिद्र, ज्याच्या कडेला पांढऱ्या चिनी मातीची बारीक कडी बसवलेली आहे. माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचे खात्यात, म्हणजे यंत्रमागांवर, विणकर होते आणि गिरणी सुटली तेव्हा त्यांनी घरी आणलेली ही एकमेव वस्तू. लहानपणी मी तो धोटा होडी समजून बादलीत सोडत असे. पुढे एकदा त्यांनी त्या छिद्राला ओठ लावून धागा कसा ओढत असत ते मला करून दाखवले आणि तेव्हापासून मुंबईच्या गिरणी कामगारांच्या चळवळीविषयी काहीही वाचायला घेतले की माझे लक्ष आधी त्या छिद्राकडे जाते.

हे काम कसे चालत असे ते नीट सांगायला हवे, कारण पुढचे सारे त्यावरच उभे आहे. साच्यावर कापड विणले जात असताना धोटा ताण्यांच्या मधून क्षणाक्षणाला इकडून तिकडे फेकला जातो आणि त्याच्या पोटातल्या कांडीवरचे सूत आडवा धागा म्हणून उलगडत राहते. कांडी संपली की साचा थांबवायचा, धोटा बाहेर काढायचा, नवी कांडी बसवायची आणि तिच्या सुताचे टोक छिद्रातून बाहेर घ्यायचे. ते बोटांनी होत नसे. म्हणून विणकर धोटा तोंडाजवळ नेई, छिद्राला ओठ लावी आणि एक जोराचा श्वास आत घेई. त्या ओढीबरोबर धागा छिद्रातून बाहेर येई आणि त्याच्यासोबत कापसाची तूसही तोंडात जाई. दोन साचे सांभाळणाऱ्या माणसाला हे दिवसातून शेकडो वेळा करावे लागे. पाळी बदलली की तोच साचा आणि तोच धोटा दुसऱ्या माणसाच्या हाती जाई, म्हणजे एकाच्या ओठांनी ओला झालेला धोटा दुसऱ्याच्या ओठांना लागे.

या एवढ्याशा गोष्टीमुळे मुंबईच्या गिरण्यांतले साचे खाते अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या कामगारांना अनेक दशके बंद राहिले. सवर्ण विणकरांचे म्हणणे असे की, महाराच्या तोंडाला लागलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही. सर्वांत बरी कमाई साचे खात्यात होती, कारण विणकराला कापडाच्या उत्पादनावर मजुरी मिळत असे. तर दलित कामगार मुख्यत्वे थ्रॉसल खात्यात, म्हणजे सूतकताईच्या रिंग यंत्रांवर, कमी पगारात राबत. गिरणीच्या दारावर कोणतीही पाटी नव्हती आणि मालकाच्या नियमपुस्तकातही तसे काही लिहिलेले असण्याची गरज नव्हती. कामावर घेणारा जॉबर आपल्या गावचा, आपल्या जातीचा माणूस आणी, आणि बाकीचे काम खात्यातले विणकर स्वतःच करत.

गिरणी कामगारांच्या एकजुटीविषयी आपल्याकडे फार आत्मीयतेने लिहिले जाते आणि ती आत्मीयता माझ्याही मनात आहे. मी त्याच घरात वाढलो. पण ती एकजूट एकाच भोंग्याखाली राबणाऱ्या माणसांत आपोआप जन्मली, असे जे गृहीत धरले जाते ते मला पटत नाही. ती प्रत्येक वेळी मागून, भांडून, कधी अट घालून मिळवावी लागली, आणि ती मागणारा माणूस बहुधा तोच असे ज्याला तिच्यातून वगळले होते.

कावसजी नानाभाई दावर यांची पहिली कापड गिरणी ताडदेवला सुरू झाली ती १८५६ साली. त्यानंतरच्या तीन दशकांत रत्नागिरीपासून सातारा, पुण्यापर्यंतची माणसे या शहरात आली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये या कामगारांच्या सभा भरवल्या, साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले आणि आठवड्याची एक सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम आणि पगार वेळेवर, अशा मागण्या मांडल्या. १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. लोखंडे सत्यशोधक होते, जोतीराव फुल्यांचे सहकारी होते, ‘दीनबंधु’ पत्र चालवत होते, आणि हे मी मुद्दाम लिहितो आहे. मुंबईत कामगारांच्या बाजूने पहिला संघटित आवाज उठवला तो जातीच्या प्रश्नाला हात घालणाऱ्या परंपरेतल्या माणसाने. पुढच्या चळवळीने लोखंड्यांची सुटी घेतली, त्यांचा दुसरा वारसा मात्र बराच काळ बाजूला ठेवला.

१९२८ साल या साऱ्याच्या मध्यभागी आहे. पहिल्या महायुद्धानंतरची तेजी ओसरली होती, जपानी कापडाशी स्पर्धा वाढली होती आणि मालकांनी खर्च कमी करण्याचा सोपा मार्ग धरला: तेवढ्याच माणसांकडून जास्त काम. ससून समूहाच्या गिरण्यांत विणकराने दोनऐवजी तीन साचे चालवायचे आणि रिंग खात्यात कामगाराने यंत्राच्या एका बाजूऐवजी दोन्ही बाजू सांभाळायच्या, अशी पद्धत आली. शिवाय बारीक सुताचे कापड काढायला सुरुवात झाल्याने, वजनावर मजुरी मिळणाऱ्या विणकराची कमाई घटली, कारण तेवढाच वेळ विणून कापड वजनाला हलके भरू लागले. एप्रिलमध्ये संपाला तोंड फुटले आणि महिनाअखेरीस जवळपास सगळ्या गिरण्या बंद झाल्या. सुमारे दीड लाख माणसे बाहेर पडली आणि सहा महिने बाहेर राहिली. देशात त्या वर्षी संप आणि टाळेबंदीमुळे ३ कोटी १६ लाखांहून अधिक कामाचे दिवस बुडाले, त्यांतला मोठा वाटा या एका संपाचा होता.

सहा महिने दीड लाख कुटुंबे कशी जगली, हा प्रश्न आजोबांनीच माझ्या डोक्यात घातला. ते म्हणत, “संप पुढाऱ्यांच्या भाषणावर चालत नाही, गावच्या भातावर आणि वाण्याच्या वहीवर चालतो.” पुष्कळ कामगार गावी निघून गेले आणि पावसाळ्यात शेतावर राबले. मागे राहिलेल्यांना खाणावळवाल्या बायांनी उधारीवर जेवू घातले, संप समितीने धान्य वाटले. खाणावळवाल्यांचे नाव या इतिहासात फार उशिरा आले. दहा-पंधरा माणसांचे दोन वेळचे जेवण दहा बाय बाराच्या खोलीत रांधणारी बाई संपाच्या काळात पैसे मागत नसे, आणि तिची उधारी फिटेपर्यंत पुढचा संप दाराशी आलेला असे.

याच संपात २२ मे १९२८ रोजी गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा, स्थापन झाली. अर्जुन आत्माराम आळवे तिचे अध्यक्ष झाले. ते आणि गो. रा. कासले हे दोघे स्वतः गिरणीत काम केलेले होते. श्रीपाद अमृत डांगे, र. शि. निंबकर, शां. स. मिरजकर, झाबवाला हे बाहेरून आलेले. ना. म. जोशी यांची मवाळ युनियन आणि हे जहाल कम्युनिस्ट एकमेकांच्या वाटेला फारसे जात नसत, पण संप पसरल्यावर दोघांनी मिळून एक संयुक्त समिती केली आणि मालकांपुढे सतरा मागण्या ठेवल्या. वर्षअखेरीस लाल बावट्याची सभासद संख्या पन्नास हजारांच्या पुढे गेली होती. ही माझ्या मते या शहराच्या सार्वजनिक जीवनातली एक फार मोठी घटना आहे.

मात्र संपात सर्वांत पुढे होते ते विणकर. ज्या खात्याच्या दारातून दलित कामगाराला आत येऊ दिले जात नव्हते, तेच खाते ‘कामगार तितुका एक’ म्हणून रस्त्यावर होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमके इथेच बोट ठेवले. त्याच्या एक वर्ष आधी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनी ओंजळभर पाणी प्यायले होते. महाडचे पाणी आणि धोट्याचे छिद्र यांत मला फरक दिसत नाही. दोन्हीकडे प्रश्न ओठांचा आणि विटाळाचा होता. कुलाबा (आताचा रायगड) आणि रत्नागिरी जिल्ह्यांतून आलेली जी माणसे गावात तळ्यापासून दूर ठेवली जात, त्यांचीच भावंडे मुंबईत साच्यापासून दूर ठेवली जात होती. आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना सांगितले की, सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्यांचा हक्क तुमच्या मागण्यांत घ्या; नाहीतर मी माझ्या माणसांना संपात राहू नका असे सांगेन. पुढाऱ्यांनी ते मान्य केले, पण नाखुशीने. ती मागणी मालकांपुढे गेली तेव्हा मालकांनी उत्तर दिले की, हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही.

मालकांचे हे उत्तर वाचताना मला आजही संताप येतो, कारण ते सोयीचे होते आणि तरीही पूर्ण खोटे नव्हते. भेदाचा फायदा मालकाला होत होता, स्वस्त मजुरीचे एक खाते कायमचे त्याच्या हाताशी होते. पण दारात उभे राहून अडवणारा हात कामगाराचा होता. युनियनच्या पुढाऱ्यांची अडचणही मी समजू शकतो. विणकर हे त्यांच्या संपाचा कणा होते, आणि दुसरीकडे पोट हातावर असलेली दीड लाख माणसे होती. अशा वेळी विणकरांना दुखवायला ते कचरले असतील. तरीही ज्यांनी ‘जगातल्या कामगारांनो’ अशी हाक घातली त्यांना शेजारच्या खात्यातल्या कामगाराची आठवण बाहेरच्या माणसाने अट घालून करून द्यावी लागली, ही गोष्ट चळवळीवर प्रेम करणाऱ्यांनीच आधी मान्य करायला हवी.

त्याच वर्षी, संप चालू असतानाच, जुलैमध्ये मुंबईच्या कायदेमंडळात गिरण्यांतल्या स्त्रियांना बाळंतपणाच्या काळात रजा आणि भत्ता देण्याच्या विधेयकावर आंबेडकर बोलले आणि या भाराचा मोठा वाटा सरकारचा असला तरी काही वाटा मालकानेही उचलावा, कारण बाईच्या श्रमाचा लाभ तो घेतो, असे त्यांनी मांडले. तो कायदा १९२९ मध्ये झाला. वाइंडिंग आणि रिळ खात्यांतल्या बाया नायकिणीच्या, म्हणजे स्त्री-मुकादमाच्या, हाताखाली काम करत. त्यांना संघटित करण्यासाठी उषाताई डांगे आणि पार्वतीबाई भोर यांनी जे केले त्यावर स्वतंत्र लिहायला हवे.

संप ६ ऑक्टोबरला मागे घेतला गेला आणि वादाचे मुद्दे सरकारने नेमलेल्या फॉसेट चौकशी समितीकडे गेले. पुढचे सहा महिने वाईट होते. फेब्रुवारी १९२९ मध्ये तेल कंपन्यांच्या संपात कामावर आणलेल्या पठाणांविषयीच्या अफवांतून दंगल पेटली आणि शंभरावर माणसे मेली. २० मार्च १९२९ रोजी सरकारने देशभरातून कामगार पुढाऱ्यांना पकडून मीरतला नेले. मुंबईचे बहुतेक सगळे मोठे पुढारी त्यांत होते आणि आळवे, कासले यांच्यासारखे गिरणीतले कामगारही. खटला जवळजवळ चार वर्षे चालला. एप्रिलमध्ये युनियनने पुन्हा सार्वत्रिक संप पुकारला तो उरलेल्या फळीच्या बळावर, थकलेल्या माणसांना घेऊन, आणि तो फसला. आंबेडकरांनी या दुसऱ्या संपाला उघड विरोध केला. कर्जात बुडालेल्या दलित कामगारांनी आणखी सहा महिने उपाशी राहावे आणि शेवटी साचे खात्याचे दार बंदच असावे, हे त्यांना मान्य नव्हते. त्यांना त्या वेळी संपफोडे म्हणणारे होते. मला तो शब्द अन्यायाचा वाटतो. एकजुटीची मागणी करणाऱ्याने आधी आपल्या पंगतीत जागा द्यावी लागते.

दहा वर्षांनी चित्र बदलले आणि ते बदलले हे सांगितल्याशिवाय ही हकीकत अर्धी राहील. आंबेडकरांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांच्या परिषदेत ते म्हणाले की, या देशातल्या कामगाराचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. तिथेही त्यांनी अगदी जवळचे उदाहरण दिले: रेल्वेत अस्पृश्याला पोर्टर करत नाहीत, कारण स्टेशन मास्तर पोर्टरकडून घरचे काम करून घेतो आणि अस्पृश्य घरात चालत नाही. धोट्याचाच तो दुसरा अवतार होता. त्याच वर्षी बाळासाहेब खेर यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने औद्योगिक कलह विधेयक आणले. त्यानुसार ठरलेली सलोख्याची प्रक्रिया पुरी होण्याआधी केलेला संप बेकायदेशीर आणि शिक्षापात्र ठरणार होता. आंबेडकरांनी सभागृहात मांडले की, माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामाला जुंपणे आणि काम नाकारल्याबद्दल शिक्षा करणे म्हणजे त्याला गुलाम करणे. ७ नोव्हेंबर १९३८ च्या एक दिवसाच्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून उभे राहिले, आणि कामगार मैदानावरच्या सभेत आंबेडकर आणि डांगे एकाच व्यासपीठावर होते. दहा वर्षांपूर्वी नाखुशीने दिलेल्या होकाराला आता प्रत्यक्ष रूप आले होते, निदान त्या एका दिवसापुरते.

विधेयक तरीही मंजूर झाले. त्याच्या जागी १९४६ मध्ये मुंबई औद्योगिक संबंध कायदा आला आणि त्याने एका भागातल्या एका उद्योगात एकच ‘प्रातिनिधिक युनियन’ मानण्याची पद्धत पक्की केली. गिरण्यांत ती जागा राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळाली, आणि मालकांशी बोलण्याचा अधिकार कायद्याने तिच्याकडेच राहिला, मग कामगार कोणाच्याही मागे असोत. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, तेव्हा पगारवाढ आणि बदली कामगारांना कायम करणे या मागण्यांबरोबर हाच कायदा आणि हीच मान्यता रद्द करा, ही मागणी होती. १९३८ मध्ये ज्या वाटेला विरोध करण्यासाठी दोन झेंडे एकत्र आले, तीच वाट चव्वेचाळीस वर्षांनी गिरणगावाच्या गळ्याशी आली. तो संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. आजोबांकडे त्यांचे हजेरी कार्ड शेवटपर्यंत होते.

साचे खात्याविषयी त्यांना मी एकदा थेट विचारले. त्यांनी बराच वेळ उत्तर दिले नाही. मग सांगितले की, पन्नासच्या दशकात कधीतरी त्यांच्या खात्यात वरळीच्या बीडीडी चाळीतला एक बदली कामगार आला, आणि तो कोण आहे हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळले. कोणी काही बोलले नाही. कायदा बदलला होता, युनियनचा माणूस खात्यात फिरत होता. पण त्याची पाळी संपून आजोबांची सुरू झाली की आजोबा धोटे उचलून नळावर जात आणि धुऊन आणत. धोट्याला पाणी लागलेले चालत नाही, लाकूड फुगते, तरी ते धूत. असे किती दिवस चालले ते त्यांनी सांगितले नाही. एके दिवशी नळावर तोच माणूस पाणी प्यायला उभा होता. त्याने आजोबांच्या हातातले ओले धोटे पाहिले, बाजूला सरकून नळ मोकळा करून दिला आणि निघून गेला. आजोबा म्हणाले, “त्यानंतर नाही धुतले.”

पुढे ते दोघे सव्वीस वर्षे त्याच साच्यांवर आलटून पालटून काम करत राहिले. ब्याऐंशीच्या संपात आमच्या घरातले तांदूळ संपले तेव्हा त्या माणसाच्या बायकोने पाच किलोची पिशवी आमच्या आजीच्या हातात दिली होती, हे मला आजीकडून कळले. आजोबांनी ते मला कधी सांगितले नाही. त्यांनी मला धोटा मात्र दाखवला, छिद्राला ओठ लावले, श्वास आत ओढला, आणि रिकाम्या धोट्यातून फक्त एक बारीक शीळ आली.